दिवेकरांच्या पासपोर्टातली रेघ

एकेकाळी दुबईत माझ्या ताब्यात चारशेच्या आसपास माणसं होती आणि ती सगळी एका लोखंडी कपाटात मावत होती. म्हणजे त्यांचे पासपोर्ट. देरा भागातल्या एका बांधकाम सल्लागार कंपनीत मी पर्सोनेल विभागात होतो. नवा माणूस विमानतळावरून आला की त्याने पासपोर्ट माझ्या टेबलावर ठेवायचा, मी पावती द्यायची आणि पासपोर्ट कपाटात जायचा. हे कायद्यात बसतं का, असं त्या काळी कुणी विचारत नसे. बहुतेक कंपन्यांत हेच चालायचं. सुट्टीवर जायचं असेल तर चिठ्ठी भरायची, साहेबाची सही आणायची, मग मी ज्याचा पासपोर्ट त्यालाच मोठ्या उदारपणे द्यायचो. किल्ली माझ्या पट्ट्याला अडकवलेली असायची. सांगलीच्या एका कंपाउंडरच्या मुलाच्या डोक्यात ती किल्ली थोडी गेली होती, हे आधीच कबूल करतो.

संपादकांनी आखाती नोकरीतले गमतीदार अनुभव मागितले आहेत. गमती आहेत, त्या सांगेन. पण दुबईतला मोरे, म्हणजे मी, असं म्हटलं की मला स्वतःला जे आठवतं त्यात गंमत काही नाही. एका माणसाचा पासपोर्ट माझ्या हातून बिघडला. त्याच्यावर शाई सांडली नाही की तो हरवला नाही. मी फक्त एक रेघ ओढली.

आधी धंदा समजावून सांगतो. व्हिसाचा अर्ज, लेबर कार्ड, मेडिकल, या प्रत्येक कागदावर एक रकाना असतो, राष्ट्रीयत्वाचा. बाहेरच्या माणसाला वाटतं, नाव आणि जन्मतारीख महत्त्वाची. आखातात तसं नव्हतं. तुमची डिग्री, तुमचा अनुभव, तुमचं इंग्रजी, सगळं त्या एका रकान्यानंतर. आमच्या कंपनीत दोन याद्या होत्या. ‘ए’ यादीत ब्रिटिश, अमेरिकन, ऑस्ट्रेलियन वगैरे. त्यांना जुमेराला समुद्राकाठी व्हिला, मुलांच्या शाळेची फी, वर्षाला सगळ्या कुटुंबाचं तिकीट. ‘बी’ यादीत आपण, पाकिस्तानी, फिलिपिनो, इजिप्शियन. आम्हाला करामा वस्तीत एका फ्लॅटमध्ये दोन कुटुंबं आणि दोन वर्षांनी तिकीट. दोन्ही याद्यांतली माणसं तेच ड्रॉइंग तपासायची. याद्या मीच टाइप करायचो, म्हणून पाठ आहेत.

‘ब्रिटिश’ हा रकाना सगळ्यात सोपा असेल असं मला सुरुवातीला वाटलं होतं. आपल्याकडे शाळेत शिकवलं, इंग्रज आले, इंग्रज गेले. साहेब म्हणजे इंग्रज, गोरा म्हणजे इंग्रज. पहिल्याच महिन्यात आमचे प्रोजेक्ट डायरेक्टर मॅक्रे यांचा व्हिसा रिन्यू करायचा होता. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, इंग्लिश. मॅक्रेसाहेबांनी अर्ज वाचला, चष्मा काढला आणि तो कागद माझ्यासमोर चार तुकडे करून टोपलीत टाकला.

“मोरे, आय ॲम अ स्कॉट. कॉल मी अ थीफ, बट नेव्हर कॉल मी इंग्लिश. नॉट इन रायटिंग.”

“सर, मग स्कॉटिश लिहू?”

“यू कान्ट. राइट ब्रिटिश,” असं म्हणून ते उठले आणि दारात थांबून पुटपुटले, “अनफॉर्च्युनेटली.”

त्यानंतर कळलं की वेल्सचा माणूस वेगळा, आणि उत्तर आयर्लंडच्या एका फोरमनकडे तर दोन पासपोर्ट होते, एक आयरिश आणि एक ब्रिटिश. कोणता जमा करू असं त्याने मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, जो ‘ए’ यादीत बसेल तो. “बोथ डू,” असं म्हणून तो खो खो हसला. इमिग्रेशनसमोरच्या टायपिंग सेंटरमध्ये कोया नावाचा मल्याळी टायपिस्ट आमचे अर्ज अरबीत करायचा. मी हे सगळे बारकावे त्याला सांगायला लागलो की तो बोटं न थांबवता म्हणायचा, “मोरे सेठ, सब बरितानी लिखो. खलास. अरबाब को इससे क्या?” अरबाब म्हणजे मालक. त्याचं बरोबरच होतं.

पण मला चटक लागली. ब्रिटिश वकिलातीत कामाला गेलो की तिथली माहितीपत्रकं आणून वाचायचो. ब्रिटिश पासपोर्टाचे पाच-सहा प्रकार असतात, सगळ्यांच्या मुखपृष्ठावर तेच सिंह आणि एकशिंगी घोडा, पण आत राष्ट्रीयत्वाच्या ओळीत वेगवेगळे शब्द. ‘ब्रिटिश सिटिझन’ हा अस्सल. तो ब्रिटनमध्ये जाऊन राहू शकतो. बाकीचे ब्रिटिश खरे, पण ब्रिटनमध्ये राहायचा हक्क नाही. राज्य आटोपताना ठिकठिकाणी मागे राहिलेल्या माणसांना दिलेले ते कागद. कंपनीतल्या एकाही गोऱ्याला हे माहीत नव्हतं. मला होतं.

एक अनुभव मधेच सांगतो. बर्मिंगहॅमला जन्मलेला हरजित नावाचा एक सरदार इंजिनियर आला. पासपोर्ट अस्सल, बोलणं तर मॅक्रेसाहेबांपेक्षा विलायती. ज्या मालकाची इमारत होती त्याने करारात ‘ब्रिटिश रेसिडेंट इंजिनियर’ मागितला होता. हरजित साइटवर गेला आणि दुपारी मालकाच्या ऑफिसातून फोन, तुमचा ब्रिटिश इंजिनियर अजून पोचला नाही. मॅक्रेसाहेब म्हणाले, तो सकाळपासून तुमच्यासमोर उभा आहे. दोन दिवस फोनाफोनी झाली. शेवटी हरजितला आत ऑफिसात बसवलं आणि साइटवर एक ऑस्ट्रेलियन पाठवला. मालकाला तो पुरेसा ब्रिटिश वाटला. हरजित माझ्या टेबलापाशी चहा पिताना म्हणाला, “अंकल, उधर बोलते हैं गो होम, इधर बोलते हैं व्हेअर इज द रियल वन.” मी हसलो. मला तेव्हा ती गंमतच वाटली होती.

आता अरविंद दिवेकर. ब्याण्णव-त्र्याण्णवच्या सुमारास आले. क्वांटिटी सर्व्हेयर, म्हणजे इमारतीला किती वाळू, किती सळई, किती रंग लागेल याचा हिशोब बांधणारा माणूस. वय पन्नाशीच्या आतबाहेर. जन्म नैरोबीचा. वडील रत्नागिरीहून रेल्वेत कारकून म्हणून केनियाला गेलेले. लंडनच्या एजंटाने पत्रावर आणि नैरोबीच्या एका हॉटेलातल्या मुलाखतीवर त्यांना घेतलं होतं आणि कागदावर लिहिलं होतं, ‘ब्रिटिश पासपोर्ट होल्डर’. त्यामुळे ते ‘ए’ यादीत. आमच्या कंपनीत जुमेराच्या व्हिलात राहणारा एकमेव मराठी माणूस.

पासपोर्ट जमा करायला आले तेव्हा मी आतलं पान उघडलं आणि थबकलो. ‘ब्रिटिश ओव्हरसीज सिटिझन’. केनिया स्वतंत्र झाला तेव्हा हे तिथले नागरिक झाले नाहीत. ब्रिटनने यांना पासपोर्ट दिला, दार दिलं नाही. भारताचे तर ते कधीच नव्हते. माझं काम अर्जावर ‘ब्रिटिश’ लिहायचं. ते खोटं नव्हतं. मी लिहिलं, आणि पासपोर्ट ‘ए’च्या खणात ठेवला.

माणूस अतिशय सज्जन. मराठी जुन्या वळणाचं, आमच्या आजोबांसारखं, आणि मधेच एखादा स्वाहिली शब्द. घाई केली की म्हणायचे, “पोले पोले, मोरे. सावकाश.” वर्षातून दोन-तीनदा माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहायचे.

“जरा दाखवता का?”

“कुठं जायचंय का, दिवेकरसाहेब?”

“छे हो. बघायचाय फक्त.”

मी पासपोर्ट काढून द्यायचो. ते रुमालाने मुखपृष्ठ पुसायचे, एकदा उघडून बघायचे आणि परत द्यायचे. ते कधीही ब्रिटनला गेले नव्हते. एकदा माझं रजिस्टर बघून म्हणाले, “मोरे, पट्टी न लावता एवढी सरळ रेघ? मी तीस वर्षं ड्रॉइंगं बघतोय, असा हात पाहिला नाही.” मला पेन्सिलीने नुसत्या हाताने रेघा मारायची सवय होती आणि त्या खरोखर सरळ यायच्या. एवढ्या वर्षांत माझ्या कामाचं कौतुक करणारा तो पहिला माणूस.

त्यांच्या व्हिलात गणपती असायचा. ‘बी’ यादीतले आम्ही सगळे मराठी तिथे आरतीला जायचो. वहिनी उकडीचे मोदक करायच्या. त्या रत्नागिरीच्या, त्यांचा पासपोर्ट भारतीय. एकदा परत येताना टॅक्सीत माझी बायको नलिनी म्हणाली, “काय हो, ते पण मराठी, तुम्ही पण मराठी. नुसता पासपोर्टचा रंग वेगळा. त्यांच्या मुलाची फी कंपनी भरते आणि आपल्या पोरांची?” मागच्या सीटवर आमची मुलगी म्हणाली, “आई, डोन्ट स्टार्ट.”

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात शाळेच्या फी वाढल्या. दोन मुलांचे मिळून वर्षाला चौदा हजार दिरहम, म्हणजे तेव्हाचे सव्वा लाखाच्या वर रुपये. मी हिशोब नलिनीला मोठ्याने वाचून दाखवला आणि आमचं ठरलं. जूनमध्ये ती मुलांना घेऊन सांगलीला गेली. विमानतळावर मुलगी माझ्याशी बोलली नाही. मी करामात एका खोलीत तिघांबरोबर राहायला गेलो.

त्याच आठवड्यात दिवेकरांची व्हिसा रिन्यूअलची फाइल माझ्या टेबलावर आली. तीन वर्षं झाली होती.

मॅक्रेसाहेब तोपर्यंत निवृत्त होऊन गेले होते. नवे ॲडमिन मॅनेजर होल्डन, हे मात्र अस्सल इंग्लिश, आणि मी त्यांना तसं लिहिलं असतं तर चाललं असतं. माणूस हसतमुख आणि खर्च कमी करायला आलेला. रिन्यूअलची फाइल आता त्यांच्या सहीने जायची. आमची पद्धत अशी की पासपोर्टाच्या पानाची झेरॉक्स फाइलला लावायची. तीन वर्षांपूर्वी मी नुसती झेरॉक्स लावली होती. या वेळी मी पासपोर्ट उघडला, पेन्सिल घेतली आणि ‘ओव्हरसीज’ या शब्दाखाली एक रेघ ओढली. पट्टी न लावता. मग झेरॉक्स काढली, म्हणजे रेघ तिच्यावरही आली.

पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आलो की ते माझं कर्तव्य होतं, कागद अचूक पाहिजे. ते खोटं आहे. कागद आधीही अचूकच होता. एक तर मला होल्डनना दाखवायचं होतं की तुमच्या देशाबद्दल तुमच्यापेक्षा मला जास्त कळतं. आणि दुसरं, त्या खोलीत तिघांच्या घोरण्यात पडून मला जुमेराचा तो व्हिला दिसत होता. मला दिवेकरांचा हेवा वाटत होता. हे छापून येण्यासाठीच लिहितो आहे.

होल्डननी बोलावलं. “मोरे, व्हॉट्स धिस लाइन? इज ही ब्रिटिश ऑर इज ही नॉट?”

मी उभ्या उभ्या दहा मिनिटं भाषण दिलं. किती प्रकार, कुणाला काय हक्क, केनिया, कायदा, सगळं. ते कौतुकाने ऐकत होते.

“ब्रिलियंट,” ते म्हणाले. “यू नो अस बेटर दॅन वी डू.”

त्या एका वाक्यावर मी दोन दिवस हवेत होतो. तिसऱ्या दिवशी त्यांच्या सेक्रेटरीने मला एक पत्र टाइप करायला दिलं. श्री. दिवेकर हे ‘ए’ यादीसाठी आवश्यक त्या अर्थाने ब्रिटिश नसल्यामुळे व्हिसा नूतनीकरणापासून त्यांची नेमणूक ‘बी’ यादीत. व्हिला एका महिन्यात रिकामा करावा. टाइप मीच केलं. एकही चूक नव्हती.

दिवेकर त्या दिवशी संध्याकाळी आले. पत्र घडी करून शर्टाच्या खिशात.

“मोरे, पासपोर्ट देता का?”

मी कपाट उघडलं. त्यांनी नेहमीसारखा रुमाल काढला, पुसला, पान उघडलं. बराच वेळ बघत राहिले.

“ही रेघ कुणी ओढली?”

“फाइल चार टेबलांवरून फिरते, साहेब,” मी म्हणालो. “कुणीतरी ओढली असेल. पेन्सिलीची आहे, खोडरबर देऊ?”

“राहू दे.” मग पासपोर्ट मिटत म्हणाले, “माझे वडील म्हणायचे, आपण राणीची माणसं. मी म्हणायचो, नाना, राणीला विचारलंत का? आज तिने सांगितलं.”

मी म्हणालो, ‘बी’ यादीत राहा, निदान नोकरी राहील. ते म्हणाले, “इतकी वर्षं तेच काम करून उद्यापासून निम्मा माणूस व्हायचं? नको.” त्यांनी राजीनामा दिला.

खरा घोळ त्यानंतर झाला. नोकरी सुटली की कंपनी माणसाला त्याच्या देशाचं तिकीट देते. फॉर्ममध्ये तसा रकाना आहे, मायदेश. मी पेन हातात घेऊन बसलो आणि ते समोर. लंडन लिहिता येईना, तिथे उतरले तर राहू देणार नाहीत. नैरोबी लिहिता येईना, तिथला राहण्याचा परवाना संपला होता. “मुंबई लिहा,” ते म्हणाले, “पण मला व्हिसा काढावा लागेल.” मी त्यांच्याबरोबर भारतीय वकिलातीत गेलो. आपलेपणाने गेलो असं त्यांना वाटलं असावं. मी का गेलो ते मला माहीत होतं. खिडकीत एक मराठी बाई होत्या. दिवेकर मराठीत बोलायला लागले तशा त्या आनंदाने म्हणाल्या, “अय्या, तुम्ही रत्नागिरीचे? आम्ही चिपळूणचे!” आणि मग पासपोर्ट बघून, “पण तुम्ही फॉरेनर ना काका, तुमची खिडकी पलीकडची.” ते निमूट पलीकडे गेले. तिथे अर्जाच्या रकान्यात त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं, ब्रिटिश. जगात आता एवढ्या एकाच ठिकाणी ते ब्रिटिश उरले होते.

ते रत्नागिरीला गेले, बायको-मुलाला घेऊन, सासुरवाडीच्या घरात. दर दिवाळीला त्यांचं मला एक हवाईपत्र यायचं. परदेशी नागरिक म्हणून त्यांना पोलिसांत नोंद करावी लागे आणि मुदतवाढीसाठी हेलपाटे घालावे लागत. एका पत्रात लिहिलं होतं, ‘इथला हवालदार मला साहेब म्हणतो. काल विचारत होता, विलायतेत थंडी फार असेल ना? मी म्हटलं, असेल. काय सांगणार त्याला?’ मी प्रत्येक पत्राला उत्तर लिहिलं. रेघेबद्दल एकाही पत्रात लिहिलं नाही. दरवर्षी लिहायला बसायचो, तब्येतीची चौकशी करून पत्र संपवायचो.

मी दोन हजार चारपर्यंत त्याच कपाटापाशी होतो. निवृत्त व्हायच्या आदल्या वर्षी ब्रिटिश वकिलातीतून नेहमीप्रमाणे माहितीपत्रकं आणली आणि सवयीने वाचायला घेतली. विलायतेत कायदा बदलला होता. दिवेकरांसारख्या लोकांना, ज्यांच्याकडे दुसऱ्या कुठल्याही देशाचं नागरिकत्व नाही, त्यांना आता अर्ज करून पूर्ण ब्रिटिश नागरिक होता येणार होतं. मी ते पत्रक तीनदा वाचलं. एवढ्या वर्षांनी मला ते निस्तरता येणार होतं. वकिलातीतून फॉर्म आणला, जमेल तेवढा पेन्सिलीने भरला, म्हणजे त्यांना फक्त शाईने गिरवायचं काम उरेल, आणि माहितीपत्रकासकट कुरियरने रत्नागिरीला पाठवला. सोबत चार पानी पत्र. त्यात सगळं होतं, रेघ सोडून.

महिन्याभराने उत्तर आलं. ते जसंच्या तसं देतो, कारण यात माझ्याकडून काही जोडण्यासारखं नाही.

‘प्रिय मोरे, फॉर्म पोचला. किती मेहनत घेतलीत. पण उशीर झाला. पोलिसांतले हेलपाटे झेपेनात म्हणून मी मागेच भारतीय नागरिकत्वासाठी अर्ज केला होता. गेल्या गुढीपाडव्याला प्रमाणपत्र मिळालं. आता दुसऱ्या देशाचा झाल्यामुळे विलायतेचा हा कायदा मला लागू नाही, तुमच्याच पत्रकात तसं लिहिलंय. वाईट वाटून घेऊ नका. इथे बरं आहे. मतदार यादीत नावही आलं. जुना पासपोर्ट परत करायला सांगितला. देण्याआधी एकदा पुसून घेतला. पान उघडलं तर ती रेघ अजून तशीच होती, पुसटसुद्धा झाली नाही. तुम्ही त्या दिवशी खोडरबर देत होता तेव्हाच मला कळलं होतं, मोरे. त्या ऑफिसात पट्टीशिवाय एवढी सरळ रेघ दुसऱ्या कुणाला जमत नव्हती. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.’